बॉबिन संपली की

३ नोव्हेंबर

नाही म्हणाले! सर्जननी सरळ नाही सांगितलं. पोटातली गाठ साधी आहे, जठरावर दाबते म्हणून जेवण नीट जात नाही, घाबरायचं कारण नाही, काढून टाकू — पण या अंगाने मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. 'या अंगाने' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. आरसा आहे घरी. तापाने महिनाभर झोपवलं आणि जाताना माझी भूक बरोबर घेऊन गेला. आधी वजन वाढवा, डिसेंबरच्या मध्यावर पाहू, तोवर नाही वाढलं तर गाठ मोठी होत जाईल आणि मग सगळंच अवघड, असं म्हणाले. म्हणजे नीट खाता यावं म्हणून ऑपरेशन, आणि ऑपरेशन व्हावं म्हणून आधी नीट खा. आता आहे का पंचाईत!

पूर्वी दुपार झाली की पोटात कावळे ओरडायचे. आता एक चिमणीसुद्धा नाही.

हे बरोबर आले होते. येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. छे! पंचवीस वर्षांचा संसार, पण या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे चिमट्याने काढावा लागतो.

५ नोव्हेंबर

आहाराच्या बाईंकडे गेले. तरुण आहे, पण ठाम. तिच्या बोलण्यात सारखी वाटी. अर्धी वाटी हे, पाव वाटी ते. मी मनातल्या मनात तिचं नाव वाटीबाई ठेवलं.

तिचं म्हणणं असं — भुकेची वाट बघायची नाही. ती यायची तेव्हा येईल. एका वेळी ताट भरून घ्यायचं नाही, बघूनच पोट भरतं. थोडं थोडं, पण दिवसभर. दुधात दुधाची पावडर घालायची, सुपात लोणी, पावावर दाण्याचं लोणी जाड लावायचं. रोज अंडं. जेवायच्या आधी पाणी ढोसायचं नाही. आणि घरी वजन करायचं नाही! रोज काट्यावर उभं राहिलं की माणूस खचतो, महिन्याने मीच करीन. माझा धंदा काय ते विचारलं. कपडे आल्टर करायचं दुकान आहे म्हटल्यावर हसली. म्हणाली, मग टेपसुद्धा नाही. शब्द द्या. दिला.

एक मात्र बजावलं. पावलांवर सूज आली किंवा कपडे एकाएकी घट्ट झाले तर तारखेची वाट बघू नका, तडक या. अंगात कस नसला की पाणी साठतं म्हणे.

टेप नको तर नको. टेप ओढून धरली की हवं ते सांगते. कापड खोटं बोलत नाही.

८ नोव्हेंबर

घड्याळ लावून खायचं ठरवलं होतं. घड्याळ वाजतं तेव्हा मशीनवर कुणाचा तरी कोट असतो. एवढी शिवण संपवू म्हणते, ती संपते तोवर दूध गार, त्यावर साय, साय बघून मळमळ. आज तीनदा असंच झालं. शिवाय सगळ्याचा वास येतो. अंड्याचा, दुधाचा, शेजारच्यांच्या फोडणीचा. यांच्या हातांना मेणाचा वास असतो, तेवढा चालतो. छापखान्यात बाइंडिंगला आहेत, पुस्तकं शिवायच्या दोऱ्याला दिवसभर मेण लावायचं, तो वास साबणाने जात नाही.

सासूबाई समोर बसून जुनी शिवण उसवत सगळं बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला म्हणजे फर्मान निघणार हे ठरलेलं.

"सूनबाई, मशीन कधी म्हणते का, मला दोरा नको म्हणून? बॉबिन संपली की आपण भरतोच ना? मग आजपासून बॉबिन संपली की तूही भरायचंस."

म्हणजे बॉबिन संपली की थांबायचं, रिकामी बॉबिन त्यांच्या हातात द्यायची, त्या ती भरणार आणि तेवढ्या वेळात मी समोर ठेवलेलं खाणार. नाहीतर भरलेली बॉबिन मिळणार नाही! पस्तीस वर्षं हे दुकान चालवलंय बाईने. त्यांच्याशी वाद घालणार कोण?

९ नोव्हेंबर

जमतंय. मन लावून खाल्लं नाही, पण खाल्लं.

१२ नोव्हेंबर

अंडं उलटलं. बाकीचं राहिलं पोटात.

१६ नोव्हेंबर

आज हसू आवरेना. सकाळपासून बॉबिनी फारच भराभर संपत होत्या. साध्या दोन पॅंटींच्या खालच्या कडा दुमडल्या, आणि बॉबिन खलास! तिसऱ्यांदा झालं तेव्हा डबीतली भरलेली बॉबिन उचलून पाहिली. निम्मीच भरलेली. डबीतल्या सगळ्या तशाच! सासूबाईंना विचारलं. मान वरही केली नाही. म्हणाल्या, मी कशाला असलं करू, रीळच वाईट निघालं असेल. आणि केळ्याची बशी पुढे सरकवली.

अळीमिळी गुपचिळी. मी केळं खाल्लं. या बाईशी माझं कधी फार गूळपीठ नव्हतं. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर मी शिवलेलं त्या उसवून परत शिवायच्या. आणि आता माझ्यासाठी बॉबिनी अर्ध्या भरतायत.

१९ नोव्हेंबर

गलेलठ्ठ कोटवाले आले होते. दर वर्षी थंडी सुरू झाली की कोट घेऊन येतात, सैल करून द्या, धुण्यात आटला म्हणतात. गेली सहा वर्षं तो कोट फक्त धुण्यातच आटतोय. सासूबाईंनी गंभीर चेहऱ्याने माप घेतलं. ते गेल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसल्यावर सूप बरं गेलं.

२१ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय, पण आणि कुठे बोलू.

दुकानातल्या पडद्यामागे निळा ड्रेस घालून पाहिला. खुंटीला अडकवावा तसा दिसला अंगावर. काखेत हात घालून बाजूचं कापड धरलं तर मूठभर हातात आलं. इतके दिवस गिळतेय, ढोसतेय, आणि हे! तिथेच स्टुलावर बसून रडले. पडदा सरकलेला होता. वर पाहिलं तर हे दारात उभे. आत्ताच कामावरून आले होते, हातात डबा तसाच. माझ्याकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं, आणि मागच्या खोलीत निघून गेले.

निघून गेले! जवळ येऊन बसायला काय पैसे पडतात? 'जेवलीस का' हे दोन शब्द या माणसाने महिन्यात उच्चारले नाहीत. सासूबाई विचारतात, वाटीबाई विचारते, कोटवालेसुद्धा विचारून गेले. यांना काही पडलेलंच नाही.

रात्री दूध घेतलं नाही. कुणासाठी घ्यायचं?

२३ नोव्हेंबर

रविवार. घरातली इस्त्री रविवारी यांच्याकडे असते, सासूबाईंना उभं राहवत नाही म्हणून. आज कपड्यांचा ढीग घेऊन मागच्या खोलीत गेले ते संध्याकाळीच बाहेर आले. छापखान्याचं कामही घरी आणलंय, म्हणाले. आणतात हल्ली. बायकोपेक्षा पुस्तकं बरी, ती काही मागत नाहीत.

२५ नोव्हेंबर

ड्रेस बसतोय!!

सकाळी निळाच हाताला आला, नाइलाजाने घातला, आणि बाजूला कापड धरायला गेले तर चिमटीत येईल एवढंच! करडा घालून पाहिला. तोही नीट. शब्द दिलाय म्हणून टेपला हात लावला नाही. पण गरजच काय! दुकानभर मिरवले. सासूबाईंना म्हटलं, बघा हो आई, बसतोय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, बसतोय खरा.

पहिल्याच बॉबिनला अख्खं अंडं खाल्लं. जिवात जीव आला. म्हणजे हे गिळलेलं सगळं कुठेतरी पोचतंय!

२६ नोव्हेंबर

पाव, त्यावर दाण्याचं लोणी. दोन वेळा.

३० नोव्हेंबर

आता मळमळ कमी आहे. भूक म्हणाल तर नाही अजून. पण खायची भीती गेली. ताट समोर आलं की पूर्वी छातीत धस्स व्हायचं, ते होत नाही. जिना चढताना मध्ये थांबले नाही, हे वर पोचल्यावर लक्षात आलं.

आज बॉबिनी पूर्ण भरलेल्या होत्या. मीच म्हटलं, आई, निम्म्याच भरा. त्या म्हणाल्या, मला नाही ठाऊक कसल्या निम्म्या.

८ डिसेंबर

निळा ड्रेस घट्ट होतोय.

आधी मनात काय आलं? धुण्यात आटला! कोटवाल्यांची ही साथ मलाही लागली. मग करडा घातला. तोही काखेत काचतोय, पोटावर ताणलेला. गेल्या आठवड्यात बसत होते. एकाएकी घट्ट. वाटीबाईचे शब्द आठवले. पावलं दाबून पाहिली. खड्डा पडतोय की नाही, कळेना. घाबरल्यावर सगळंच सुजलेलं दिसतं. पाणी साठलं. आता सर्जन दारात उभं करणार नाहीत. महिनाभराचं खाणं पाण्यात, शब्दशः पाण्यात!

सासूबाईंना सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला. यांना सांगितलं तर हे माझ्या ड्रेसकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नेहमीप्रमाणे मिटलं. मग म्हणाले, "उद्या मी सुट्टी घेतो. जाऊ दाखवायला."

९ डिसेंबर

हुश्श!!! आधी तेच लिहिते. हुश्श!

सूज नाही. वाटीबाईने पावलं दाबली, नडगी दाबली, पोट तपासलं, म्हणाली, कुठाय सूज? मग काट्यावर उभं केलं. मी डोळे मिटून उभी. तिने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बघा तरी. वाढलंय! नुसतं वाढलेलं नाही, सर्जननी मागितलं होतं त्याच्याही पुढे गेलंय. मला रडू फुटलं. तिने कागदी रुमाल दिला आणि रडून झाल्यावर अर्धी वाटी दही घ्या म्हणाली.

मग ड्रेस इतका घट्ट का? तपासायला काढला होता तो पडद्यामागे परत घालताना उलटा झाला, आणि मी बघतच राहिले. दोन्ही बाजूंना आतून शिवण आत घेतलेली! चांगली बोटभर! म्हणजे पंचवीस तारखेला मी भरले नव्हते. ड्रेस माझ्या हाडांपर्यंत आला होता. कापड खोटं बोलत नाही म्हणे! मापात आयुष्य घालवलेली मी, स्वतःच्या अंगावरच्या कपड्याला फसले. पण त्या दिवसानंतर मी खाल्लं, ते मात्र खरं. आणि काट्यावर चढलंय तेही खरं.

बाहेर हे बाकावर बसले होते. वाढलं म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, आणि चष्मा पुसायला काढला तो बसमध्ये आमचा स्टॉप येईपर्यंत पुसत होते.

घरी येऊन सासूबाईंच्या गळ्यातच पडले. म्हटलं, आई, काय हो तुम्ही, सांगायचं तरी! त्या म्हणाल्या, मी हात लावला नाही तुझ्या कपड्यांना. मी म्हटलं, हो, आणि बॉबिनींनाही लावला नाही! त्यावर त्या काहीतरी पुटपुटल्या आणि सूप गरम करायला उठल्या. लोणी घातलं होतं. दोन वाट्या घेतलं.

१५ डिसेंबर

सर्जन हो म्हणाले. एकोणीस तारीख.

१८ डिसेंबर

उद्या सकाळी भरती. पिशवी भरून ठेवली. भीती आहे, पण पोटात आहे, छातीत नाही.

ऑपरेशननंतर सैल कपडे आणा म्हणालेत, म्हणून निळा ड्रेस सैल करायला घेतला. दुकानात उजेडाला धरला, ब्लेड टाक्याखाली घातलं, आणि थांबले. सासूबाईंची तुरपाई भिंगातून शोधावी लागते. हे टाके मोठे, सारख्या अंतराचे, प्रत्येक टाका दुहेरी ओढलेला, शेवटी गाठीवर गाठ. कापड असं कुणी शिवत नाही. पुस्तक शिवतात. दोरा बोटांत धरला तर चिकट. नाकाशी नेला.

मेण.

करडा आणला, तपकिरी आणला. सगळ्यांना मेण. 'पोटच्या पोराने आयुष्यभर पुस्तकं शिवली, घरात एक बटण कधी शिवलं नाही,' असं सासूबाई अजून ऐकवतात यांना.

एका बाजूची शिवण उसवली. दुसरी नाही उसवली. राहू दे.

मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. हे पाठमोरे बसले होते. काय काय बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच, आणि बोलल्यावर लक्षात आलं की ते खरं आहे, किती दिवसांनी खरं आहे —

"अहो, मला भूक लागलीय."