पलटणीसाठी कानटोप्या

९ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ऑपरेशननंतर तुझा डोळा कसा आहे? डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, विणायला नव्हे, असा सोयीचा अर्थ मी काढला आहे.

कारण असं की बोक्याचं पत्र आलं. चौकी फार उंचावर आहे. सकाळी दाढीचं पाणी मगातच गोठतं आणि कान जागेवर आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं, असं लिहितो. मी लगेच कानटोपी विणायला घेतली आणि तसं कळवलं, तर माझ्या लेकाचं उत्तर, एकट्याला पाठवू नकोस, चौकीवर पलटणीचे आम्ही बत्तीस जण आहोत. शोभतो आजोबांचा नातू. आपण सात भावंडं ताटावर बसलो की बाबा म्हणायचे ना, सगळ्या पलटणीला वाढून होईतो कुणी घास उचलायचा नाही. तेव्हा वीस माझ्या, बारा तुझ्या. सगळ्या झाल्या की एकच पार्सल. रोज पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची पार्सलं तोलते, एक आपलंही तोलीन.

आणखी एक. पलटण हा शब्द आला कुठून, यावर त्यांची पैज लागली आहे. एक जण म्हणतो, शत्रूवर पलटून पडते ती पलटण. बोक्याने छातीठोकपणे सांगितलं आहे की माझी मावशी तीस वर्षं वाचनालयात शब्दकोशांच्या कपाटाला पाठ लावून बसली होती, तिला विचारतो. पोराची लाज राख.

लोभ आहेच, आळस तेवढा नसावा.

तुझी धाकटी


२४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वाचनालयात जाऊन आले. कपाटाची किल्ली आता एका नव्या मुलीकडे असते. तिने मला खुर्ची दिली, पाहुण्यासारखी.

बोक्याला कळव, पलटून पडणारा हरला. शब्द इंग्रजांच्या प्लटूनवरून आला असं एक कोश म्हणतो, तर दुसरा म्हणतो बटालियनवरून. पंडितांचं काही जुळत नाही. पण प्लटून इंग्रजांनी उचलला तो फ्रेंचांकडून. त्यांच्या भाषेत तो पेलोतों, म्हणजे लहानसा गोळा, लोकरीचा गुंडा. मग गोळा होऊन उभ्या राहिलेल्या माणसांना तेच म्हणू लागले, आणि पुढे एकदम बंदुका झाडणाऱ्या शिपायांच्या छोट्या तुकडीला. आपल्याकडे येऊन तो शब्द चांगला बाळसं धरून बसला.

कॉन्व्हेंटमधल्या आपल्या मदर आठवतात? सकाळी फ्रेंच, दुपारी विणकाम. तुझा गुंडा बाकाखाली घरंगळला की हाच शब्द उच्चारत त्या वाकायच्या. त्यांच्या बोटांना तेव्हा खडूचा वास असायचा. शब्द लढाईतला आहे हे आपल्या गावीही नव्हतं.

टोप्यांचं मात्र लाजेनं लिहिते. तीनच झाल्या. डोळ्याला पाणी येतं, टाके सुटतात. एक तर पुरती उसवावी लागली. माझ्यासाठी थांब. बाबांचा नियम आपण मोडायचा नाही.

माया कमी पडू देऊ नकोस.

तुझी ताई


१६ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. तुझं पान बोक्याला पाठवलं होतं. त्याने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हरलेल्याने आठवडाभर त्याचे बूट पुसायचे आहेत. मावशीला माझा कडक सलाम, असं लिहितो. थंडी वाढली आहे म्हणे.

माझ्या वीस टोप्या ट्रंकेत तयार आहेत. पोस्टातले शिक्के मारणारे काका म्हणतात, झाल्या तेवढ्या पाठवा की. मी म्हटलं, मग उरलेल्या बारा जणांना काय सांगू, तुमचे कान नंतर? तेव्हा तू घाई कर, पण डोळा सांभाळून.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझी धाकटी


१४ डिसेंबर

चि. धाकटीस,

तुझ्याकडून परतून चार दिवस झाले. समोर बसून बोलता आलं नाही, ते लिहिते.

चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि आपला बोक्या आणि आणखी तिघे गेले, हे पलटणीतून घरी आलेल्या साहेबांनी सांगितलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही. ट्रंकेकडे पाहिलं. मी थांब म्हटलं म्हणून तू थांबलीस. एका म्हातारीच्या डोळ्यापायी तो उघड्या कानांनी पहाऱ्यावर उभा राहिला. तुझा माझ्यावर राग असेल तर तो तू गिळू नयेस.

येताना आठ टोप्या तुझ्या ट्रंकेत ठेवून आले. वीस आणि आठ, अठ्ठावीस. आता तिथे तेवढेच आहेत. उरलेल्या चारांची लोकर मी गुंडाळून ठेवली आहे. ती आता लागायची नाही.

काय मागू तुझ्याकडे? दोन ओळी लिही.

ताई


२२ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. राग आहे. तुझ्यावर आहे, माझ्यावर आहे, बाबांवर आहे, आणि एकट्याला नको म्हणाला म्हणून त्याच्यावरही. टोपी असती तरी तो वाचला नसता हे मला कळतं. पण आठ-दहा दिवस कान उबेत राहिले असते, हेही कळतं. राग कमी होईल की नाही ते आज सांगता येत नाही. तरी तू येत जा.

पहिली विणली ती त्याचीच होती. ती तेवढी जवळ ठेवावी म्हणून ट्रंक उघडली. सगळ्या एका रंगाच्या, एका मापाच्या. उजेडात नेऊन पाहिल्या, नाकाशी धरल्या, ओळखता येईना. मग अठ्ठावीसही बांधल्या. काकांनी वजन करू का विचारलं. मी म्हटलं, नको, माझी मी करते.

तू मोजलंस ते चुकलं, ताई. साहेबांचं पत्र आलं आहे. चौघांच्या जागी नवीन चौघे निघाले आहेत. त्यातला एक तर जेमतेम एकोणीस वर्षांचा आहे. ती लोकर सोड. एक झाली की एक पाठव, चारांसाठी थांबू नकोस.

तुझी धाकटी