वाळूच्या ढिगावरची विष्णुक्रांता

३ नोव्हेंबर
सापडली! गच्चीच्या दुरुस्तीतली उरलेली वाळू दोन वर्षं इमारतीमागे पडून आहे, तिच्यावर विष्णुक्रांता! नखाएवढी निळी फुलं, मोजून नऊ. आईच्या गावी माळावर असायची. त्यानंतर आज, तीही कोथरूडात! बायकोला, सुनीतीला उठवलं. म्हणाली, चहा झाला की बघते.

४ नोव्हेंबर
सेक्रेटरी रंगनाथ ती वाळू उचलून फरशी घालणार म्हणे. दहा तारखेला मीटिंग. फुलं पाहिली की विरघळेल म्हणून वामकुक्षी उरकून चारला त्याला घेऊन गेलो. एकही फूल नाही! "काका, ऊन लागलं का?" म्हणाला.

५ नोव्हेंबर
सकाळी अकरा फुलं. चार वाजता शून्य. चोरी! आणि पूजेची परडी घेऊन हिंडणारा आमच्याकडे एकच — पहिल्या मजल्यावरचे आप्पासाहेब. वीस वर्षं रोज सहाला आम्ही बरोबर टेकडीवर जातो. शोभतं का हे? (मी शेजारच्या सोसायटीतली तगर आणतो, पण ती भिंतीबाहेर आलेली असते. ते वेगळं.)

६ नोव्हेंबर
पाटी लावली. "चोरलेली फुले देव घेत नाही. पहिल्या मजल्यावरील भाविकांनी नोंद घ्यावी."

७ नोव्हेंबर
आप्पासाहेब फिरायला आले नाहीत. चोराच्या मनात चांदणं!

८ नोव्हेंबर
आजही एकटाच. अर्ध्या टेकडीवरून परतलो. करमत नाही.

९ नोव्हेंबर
सुनीती दुपारी मागे वाळलेले कपडे काढायला गेली होती. येऊन म्हणाली, "अहो, कोणी चोरत नाही. दुपार झाली की ती मिटतात. तुमच्यासारखीच."
मेलो! धावत जाऊन पाटी काढली. आप्पासाहेबांच्या बेलपर्यंत हात नेला आणि परत आलो. लाज वाटली.

१० नोव्हेंबर
मीटिंग. वाळू ठेवावी — पाच हात. उचलावी — पाच. आप्पासाहेब उरले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, मी चपलांकडे. सावकाश उठले. "ढीग राहू द्या. मला चोरायला काहीतरी नको?"
सगळे हसले. मी उठून सर्वांदेखत माफी मागितली. अर्ध्यावरच आप्पासाहेबांनी थांबवलं. "उद्या सहाला," एवढंच म्हणाले.

११ नोव्हेंबर
टेकडीवरून येताना कळलं. शेजारची ती तगर आप्पासाहेबांच्या तिथं राहणाऱ्या लेकीनं, अस्मितानं लावलेली. चार वर्षं फुलचोरासाठी पाटी लावू म्हणतेय.
"मीच लावू दिली नाही," म्हणाले.