तळ्यात ऑक्सिजन नाही

४ जानेवारी

आजपासून नवा मी. शेवटचं वर्ष, शेवटचं सेमिस्टर. पर्यावरणशास्त्र घेतल्यापासून प्रत्येक नातेवाईक एकच विचारतो, म्हणजे पुढे नक्की करणार काय? यापुढे उत्तर तयार असेल.

मे अखेरपर्यंत मिळवायची कौशल्यं: जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे. स्टॅटिस्टिक्स. रिपोर्ट रायटिंग. पब्लिक स्पीकिंग. फील्डवर्क. भिंतीवर भला मोठा तक्ता लावला. आई म्हणाली, छान झालाय, पण खिडकी झाकली गेली. दूरदृष्टी असलेल्या माणसाला खिडकी लागत नाही.

९ जानेवारी

जीआयएसचा ऑनलाइन कोर्स सुरू. पहिला व्हिडिओ 'स्वागत'. पूर्ण पाहिला. दुसऱ्यात सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सांगतात. लावलं डाउनलोडला. ते होईपर्यंत जरा आडवा झालो. उठलो तेव्हा नेट गेलेलं. असो, पाया घातला गेला.

१६ जानेवारी

रेझ्युमे केला. जीआयएससमोर 'उत्तम' लिहिलं. मे महिन्यात ते खरं असणारच आहे, मग उगाच दोनदा टाइप कशाला करायचं?

एका कन्सल्टन्सी कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज टाकला. कारखान्यांचं सांडपाणी तपासतात. तिथे इंटर्न म्हणून चिकटलं की नोकरी ठरलेली. बाबांना सांगितलं, जवळजवळ नक्की आहे. बाबांनी आत्याला फोनवर सांगताना 'जवळजवळ' गाळलं.

२९ जानेवारी

मॅडमनी बोलावलं. माझ्या प्रोजेक्टच्या गाइड. फार हळू बोलतात, त्यामुळे एकही शब्द चुकवता येत नाही. माझा विषय शहराच्या कडेचं तळं. दर आठवड्याला चार ठिकाणी पाणी तपासायचं. किती वेळा गेलास, म्हणाल्या. मी म्हटलं, आधी पद्धत पक्की करतोय. त्या म्हणाल्या, तळ्याला तुझी पद्धत माहीत नाही, ते वाट बघणार नाही.

बाहेर 'घड्याळ' भेटली. वर्गातली मुलगी. आयुष्यात कधी उशीर केला नाही म्हणून हे नाव. तिचे मातीचे नमुने अर्धे झालेसुद्धा. मी तिला समजावलं की मी स्किल-फर्स्ट पद्धतीने चाललोय. ती म्हणाली, "तू आधी पाय ओले कर." काही लोकांना मोठं चित्र दिसत नाही.

१० फेब्रुवारी

इंटरव्ह्यू झाला! कंपनीचे साहेब मितभाषी. नकाशांबद्दल सुदैवाने काही विचारलं नाही. एकच प्रश्न लक्षात राहिला: रीडिंग विचित्र आलं तर सगळ्यात आधी काय कराल? मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, "जगाला सांगेन." साहेबांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला. छाप पडली.

१५ फेब्रुवारी

मॅडम रजेवर. मुलीचं बाळंतपण. जाताना म्हणाल्या, मी येईन तेव्हा निदान दोन आठवड्यांचे आकडे टेबलावर हवेत. येतील की.

१९ फेब्रुवारी

अखेर फील्डवर्क. ऊन होतं म्हणून कॅप घालून गेलो. डिपार्टमेंटचं ऑक्सिजन मीटर घेतलं. वायरच्या टोकाला काळी दांडी, तिला प्रोब म्हणतात. ती पाण्यात बुडवायची आणि आकडा वाचायचा. त्यात शिकण्यासारखं काय आहे? मॅन्युअल उघडावं लागलं नाही.

उजळणी: पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर मासे जगतात. लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम असेल तर तळं निरोगी. दोनच्या खाली मासे गुदमरतात.

रीडिंग ०.३.

दुसरी जागा, ०.३. तिसरी, चौथी, तेच. चारही ठिकाणी एकसारखा आकडा म्हणजे माझं तंत्र किती अचूक आहे बघा. पण तळं मेलंय. आणि हे अख्ख्या जगात फक्त मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी

घड्याळला सांगितलं. तिने विचारलं, मीटर कॅलिब्रेट, म्हणजे आधी नीट जुळवून घेतलं होतंस का? मग म्हणे, बाटलीत पाणी आण, लॅबमध्ये रसायनं घालून पडताळून बघू, तासाभराचं काम आहे. मत्सर माणसाला किती खाली नेतो! इथे मासे शेवटच्या घटका मोजतायत आणि हिला बाटल्या सुचतायत.

बाबांनाही सांगितलं. ते रोज सकाळी आपल्या ग्रुपबरोबर तळ्याभोवती फिरतात. हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, तू शोधलंस हे? एकट्याने? त्यांनी माझ्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

२४ फेब्रुवारी

बाबांच्या ग्रुपने सभा भरवली. मी बोललो. 'आज मासे, उद्या आपण' या वाक्याला टाळ्या. एक आजी रडल्या. पब्लिक स्पीकिंग: झालं. तक्त्यावर हिरवी खूण. पहिलीच.

शेवटी एकाने विचारलं, पण मेलेले मासे कुठे दिसत नाहीत? मी म्हटलं, ही तर खरी चिंतेची बाब आहे.

२७ फेब्रुवारी

नगरपालिकेने खबरदारी म्हणून तळं बंद केलं. बोटी बंद, मासेमारी बंद, काठावर पाटी, पेपरात बातमी. त्यांच्या पत्रात माझा उल्लेख 'तज्ज्ञ' असा आहे. बाबांनी पत्राच्या पाच झेरॉक्स काढल्या.

मॅडमना फोन करणार होतो. पण घरात बाळंतीण, त्यात आपण कशाला त्रास द्यायचा?

१ मार्च

सहज म्हणून घरच्या नळाचं पाणी मोजलं. ०.३!

पाणीपुरवठाही मेला. आईला म्हटलं, हे पाणी वापरू नकोस. ती भांडी घासत होती. म्हणाली, आपण पाण्यातून श्वास घेतो का? प्रश्न मूलभूत आहे, पण विषयांतर आहे.

२ मार्च

ताईकडे गेलो. तिच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, लाल मासे. मोजलं. ०.३. ताई म्हणाली, अरे पण ते पोहतायत. मी म्हटलं, तू वरवर बघतेस. तिने माशांना खाणं टाकलं, त्यांनी झडप घालून खाल्लं. परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्यांची क्षमता थक्क करणारी आहे. यावर स्वतंत्र पेपर होईल.

येताना बसमध्ये जरा कसंतरी वाटलं. पित्त असावं.

४ मार्च

तळ्यावरचे बोटवाले काका घरी आले. बारीक माणूस, पायात प्लास्टिकच्या चपला. खुर्चीच्या कडेवर बसले. मला वाटलं, भांडायला आलेत. पण ते म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. मला फक्त एवढं सांगा, बोटी बाहेर काढून ठेवू की दुसरं काम बघू?"

मी म्हटलं, परिसंस्था पूर्ववत व्हायला काळ जातो. ते म्हणाले, म्हणजे किती? मी म्हटलं, हे अनेक घटकांवर अवलंबून असतं. त्यांनी मान डोलावली. चहा अर्धा ठेवून गेले.

आई म्हणाली, तुला नक्की माहीत आहे ना रे? मी म्हटलं, आकडे खोटं बोलत नाहीत. रात्री जेवण गेलं नाही. पित्तच आहे.

६ मार्च

कंपनीचा फोन! दुसरी फेरी, परवा. त्यांच्या आवारातल्या तलावावर प्रात्यक्षिक. मीटर तिथे मिळेल म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हाताला बसलेलं मीटर मी घेऊन येईन. बाबांनी माझे बूट स्वतः पॉलिश केले. नको म्हटलं तरी ऐकेनात.

८ मार्च

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

तलावाच्या काठावर कंपनीचे साहेब, त्या बाई आणि आणखी दोन उमेदवार. माझा नंबर पहिला. मी मीटर काढलं, चालू केलं, प्रोब पाण्यात सोडणार इतक्यात साहेब म्हणाले, टोपी काढा आधी.

मला वाटलं, इथली पद्धत असेल. मी डोक्यावरची कॅप काढून बगलेत धरली. केस सारखे केले. पुन्हा प्रोब सोडायला लागलो.

साहेब म्हणाले, "तुमची नाही. प्रोबची."

प्रोबच्या टोकाला रबरी टोपी असते. आतला पातळ पडदा सुकू नये, फाटू नये म्हणून. मोजताना ती काढायची. नाही काढली तर प्रोबला पाणी लागतच नाही. टोपीच्या आतला ऑक्सिजन संपला की आकडा शून्याजवळ जाऊन बसतो. तळ्यात बुडवा, नळाखाली धरा, नाहीतर ताईच्या टाकीत.

हे सगळं साहेबांनी मला नीट, न रागावता सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, तळ्याची बातमी ती तुमचीच ना? त्या बाई पाण्याकडे बघत राहिल्या.

टोपी काळी, प्रोब काळा. हा सरळसरळ डिझाइनचा दोष आहे.

९ मार्च

कंपनीचा नकार ईमेलवर. शुभेच्छांसकट.

घरी सांगितलं, निकाल यायचाय.

१० मार्च

शक्यता: टोपी असूनही तळं खरंच मेलेलं असू शकतं. तसं नाही हे कुणी सिद्ध केलंय? तळं खराब निघालं तर मी वाचलो.

म्हणजे मासे मरावेत अशी मी आज दिवसभर प्रार्थना करतोय. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी.

११ मार्च

नगरपालिकेला पत्राचा मसुदा. 'नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीच्या आधारे...' फाडला. 'उपकरणातील संभाव्य त्रुटीमुळे...' फाडला. 'मी टोपी काढली नव्हती.' हे वाचवत नाही.

बोटवाल्या काकांचा फोन येऊन गेला. उचलला नाही. परत आला. फोन उशीखाली ठेवला.

१२ मार्च

मॅडम कामावर रुजू. गेलो. सगळं सांगितलं. माझा आवाज त्यांच्यापेक्षाही हळू निघाला. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. वाटलं, आता कॉलेजातून काढतील. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला तळ्यावर. बाटल्या घेऊन ये."

घड्याळलाही बोलावलं त्यांनी. ती 'बघ, मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर तिच्यावर चिडता आलं असतं.

१३ मार्च

मीटरवर ६.८. बाटल्यांमधून ६.७. चारही ठिकाणी उन्नीस-बीस. तळं ठणठणीत आहे. मोजत असताना एक मासा उडी मारून पुन्हा पाण्यात गेला. घड्याळने माझ्याकडे बघणं मुद्दाम टाळलं.

मॅडम म्हणाल्या, प्रोजेक्ट या सेमिस्टरला पूर्ण धरता येणार नाही. सहा महिने अजून, दर आठवड्याला, चार जागा. आणि बंदी उठवायचं काम तुझं, मी सही करेन पण दारोदार तू फिरायचंस.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. आधी कंपनीचं, मग टोपीचं. उलट क्रमाने सांगायला हवं होतं बहुतेक. बाबा चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "ग्रुपमध्ये तू सांगतोस की मी सांगू?"

मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तर बरं.

ते चप्पल घालून तेव्हाच गेले. परत आल्यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टाळ्या घेताना मात्र सभेत मी मायक्रोफोन दोन हातांनी धरला होता.

१६ मार्च

नगरपालिका. कारकून म्हणाला, बंदी तज्ज्ञाच्या अहवालावरून घातली आहे, त्यामुळे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय उठणार नाही. मी म्हटलं, तज्ज्ञ मीच आहे. त्याने फाइल बघितली, मला बघितलं, परत फाइल बघितली. उद्या या म्हणाला.

१७ मार्च

साहेब मीटिंगला.

१९ मार्च

मोठ्या साहेबांनी आत घेतलं. अहवाल वाचून विचारलं, सुधारणा कशामुळे झाली? इतक्या कमी दिवसांत इतका ऑक्सिजन, कमाल आहे. कुणी उपाययोजना केली का? त्या एका क्षणात कितीतरी उत्तरं सुचली. त्यांतली दोन तर फारच चांगली होती. जनजागृतीचा परिणाम, असं म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावून सही केली असती.

मी टोपीचं सांगितलं.

त्यांनी शिपायाला बोलावलं, शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावलं, आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग सही केली.

२४ मार्च

पाटी काढली. बाबा आता संध्याकाळी फिरायला जातात, एकटेच, बाजाराच्या बाजूने. आई म्हणते, होईल हळूहळू. बाबांना म्हटलं, सकाळी मी येतो तुमच्याबरोबर तळ्यावर. ते म्हणाले, बघू.

तक्ता काढला. खोलीत किती धूळ होती, ते उजेडात दिसलं.

२९ मार्च

रविवार. सकाळचे आकडे घेतले, टोपी काढून, तीनदा तपासून. मग बोटवाल्या काकांकडे गेलो. माफी मागायची होती. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: चूक माझी होती, तुमचं नुकसान झालं, मी कोणत्याही कामाला यायला तयार आहे. वाक्यं साधी ठेवली होती, एकही इंग्रजी शब्द नव्हता.

धक्क्यावर गर्दी होती. मुलं, आया, फुगे. काका एका हाताने बोट धरून दुसऱ्या हाताने माणसं उतरवत होते. मी रांगेत उभा राहिलो, कारण मध्ये घुसणं बरं दिसलं नसतं. नंबर आला. त्यांनी मान वर करून पाहिलं. ओळखलं. मी 'काका' एवढंच म्हणालो, पुढचं काही आठवेना.

ते म्हणाले, "बसणार आहेस का? नसशील तर बाजूला हो, मागे माणसं खोळंबलीत."

मी बाजूला झालो.