नार्चिसाच्या नावाचा घास

३ नोव्हेंबर
ब्राइलात पोचले. नार्चिसा, तू म्हणालीस रोज चार ओळी लिही, ईस्टरला येईन तेव्हा वाचीन, म्हणून लिहितेय. अक्षराला नावं ठेवायची नाहीत, चौथीपर्यंतच्या शाळेत एवढंच येतं. घर झकास आहे. खिडकीतून डॅन्यूब दिसते, नळाला कधीही गरम पाणी. गावात राहिले असते तर चूल फुंकतच मेले असते. काम स्वयंपाकाचं. मालकीण क्रीना, तुझ्याच वयाची, काटकुळी. कॅमेऱ्यापुढे बसून जेवते आणि लोक ते मोबाइलवर बघतात. मी म्हटलं, त्यांच्या घरी जेवण नाही का? म्हणाली, काकू, जेवण आहे, सोबत नाही. पोरगी वाईट नाही, नुसती बडबडी.

६ नोव्हेंबर
गावाहून आणलेल्या खारवलेल्या कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून सारमाले केले. आज धंदा कळला. कुणी महिन्याची पंचवीस लेई वर्गणी भरली की क्रीना त्याचं नाव घेते, त्याच्या नावाने एक घास खाते आणि बोग्दाप्रोस्ते म्हणते. मी पळी आपटली. मेलेल्याच्या नावाने वाढलेलं अन्न घेताना म्हणायचा शब्द तो. जित्या माणसाच्या नावाने कुणी म्हणतं का? तसं तिला तोंडावर सांगितलं. म्हणाली, आजी म्हणायची, मला गोड वाटतो, लोकांनाही आवडतो, त्याच्यावरच तर चॅनल चाललंय. वर म्हणाली, काकू, तुम्ही मीठ बघा.

बघते मीठच.

९ नोव्हेंबर
मीठ बघितलं. कॅमेऱ्यापुढून परत आलेल्या ताटातलं उरलेलं चाखलं. खारट नाही, आंबट नाही, ओला कागद चावल्यासारखं. पातेल्यातलं मात्र चोख. माझी आई सांगायची, मेलेले जेवून गेले की अन्नाची चव जाते. म्हातारीच्या गोष्टी. ताट घासून ठेवलं.

१४ नोव्हेंबर
तुझा वाढदिवस. तिकडे बोलोन्यात परक्या म्हातारीची लंगोटं बदलतेस आणि दुपारी क्रीनाचं जेवण बघतेस, म्हणालीस. आईच्या हातचं ताट लांबूनही ओळखू येतं, पण वर्गणी परवडत नाही. मग मीच भरली, तुझ्या नावाने. पंचवीस लेईंचं काय एवढं. आधी क्रीनाकडून कबूल करून घेतलं की तो शब्द म्हणायचा नाही. तिने मान डोलावली. तुझं नाव घेतलं, घास घेतला, आणि सवयीची जीभ, म्हणालीच. मग कपाळावर हात मारला, जीभ चावली, सॉरी काकू. पडद्यावर तुझं नाव आलं, पुढे लाल बदाम. मी शिव्या देणार होते, पण तू खूश होतीस.

१९ नोव्हेंबर
खालचा वाणी न्यागू गेला. त्याची बायको म्हणाली, उन्हाळ्यात क्रीनाची वर्गणी भरली, तेव्हापासून जेवण भुशासारखं लागतंय म्हणायचा. भूकच नाही, पोट भरलेलं. फोन घेऊन खुर्चीत बसायचा, खुर्चीतच गेला. मयताचा गोड गहू मीच शिजवून दिला. स्मशानातून आले तर क्रीना कॅमेऱ्यापुढे पांढरीफटक. पडद्यावर न्यागूचं नाव. विचारत होता, आज जेवायला काय. त्याचा फोन बायकोच्या एप्रनमध्ये होता, बंद. मी स्वतः बघितलाय.

२२ नोव्हेंबर
फोनवर विचारलं, जेवलीस का. म्हणालीस, भूक नाही आई, पोट भरलेलंच असतं. इकडचा पास्ता पुठ्ठ्यासारखा लागतो—

क्रीनाला हलवून हलवून सांगितलं, काढ माझ्या लेकीचं नाव. तिने खरंच खटपट केली. म्हणाली, माझ्याकडून निघत नाही, ज्याचं नाव त्यानेच काढायचं.

२४ नोव्हेंबर
फोनवर तुझ्या हातापाया पडले. नाव काढ. तू एवढंच म्हणालीस, "राहू दे ना आई, इथे बरं वाटतं. इथे खूप लोक आहेत."

इथे म्हणजे कुठे, नार्चिसा?

२७ नोव्हेंबर
बोलोन्याच्या म्हातारीच्या मुलाचा फोन. इटालियन कळत नाही. रडणं कळतं.

पडद्यावर तुझं नाव. आई, आजचे सारमाले छान आंबट झालेत.

परत आलेल्या ताटात आंबटपणा नव्हता.

२९ नोव्हेंबर
क्रीना पळाली. चपला इथेच. जाताना म्हणाली, काकू, वायर काढून टाका. काढली. पडदा चालूच—
नावं येतायत. न्यागू. दुसरी कितीतरी. सगळे विचारतात, आज काय.

तू विचारत नाहीस. तू म्हणतेस, आई, भूक लागली.

३० नोव्हेंबर
ताट वाढून ठेवलं. कुणी खात नाही म्हणून तुला पोचत नाही. रडतेस. लहानपणी रडायचीस तशी, पण पडद्यावर लिहून लिहून—

मीच बसले तिच्या खुर्चीत. तुझं नाव घेतलं. घास खाल्ला. शब्द गिळला.

भूक लागली आई.

शब्दाशिवाय पोचत नाही. इतकी वर्षं मयतं जेवू घातली, मला ठाऊक नाही होय? पण तुझ्या आईने तो म्हणायचा म्हणजे—

पुन्हा घास घेतला. चव आहे अजून, मीठ, आंबट, सगळं आहे. तोंडातच धरलाय. तो शब्द म्हटला की जाईल चव. म्हटला की मीच कबूल केलं की तू