अहल्याबाईंच्या पत्राचं उत्तर

ता. २ जानेवारी १९३३, सकाळी
नव्या वर्षाचे संकल्प. बडोदा संस्थानातल्या घटस्फोटाच्या नव्या कायद्याचं पुस्तक रोज दहा पानं वाचायचं. अशिलाच्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. अशिलाची गोष्ट पोटात ठेवायची. हा शेवटचा उगाच लिहिला, ते माझ्यात उपजतच आहे.

त्याच दिवशी, सायंकाळी
संकल्पाला देव पावला. नव्या कायद्याचीच केस आली. अहल्याबाई, मानसिंगराव शिलेदारांची बायको, वय बावीस. नवरा मारतो. उजवं मनगट मोडलेलं, डॉक्टरचा दाखला सोबत. तूर्त पाद्रा गावी मावशीकडे लपून आहेत. नवऱ्याला पत्ता लागला तर ओढून नेईल, असं दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, बळवंतराव वकिलाला सांगितलेलं म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. जाताना रडल्या. भारावल्या असाव्यात.

ता. ५
अर्ज दाखल. दांडिया बाजारात माझ्याइतका पुढारलेला वकील दुसरा नाही. कायद्याचं पुस्तक मात्र गुजरातीत. आमच्या आजोबांनी सरकारच्या फौजेत घोडे फेकले ते नातवानं गुजराती वाचावं म्हणून नव्हे. तीन पानं झाली, त्यातलं एक मुखपृष्ठ. हाताला आला तो कागद खूण म्हणून घातला आणि पुस्तक मिटलं.

ता. ९
पाद्र्याहून पाकीट. उघडलं नाही. लगेच उत्तरं द्यायला लागलं की अशील डोक्यावर बसतं. कुसुमावती म्हणाली, निदान वाचा तरी. बायकोला धंद्यातलं काय कळतंय? संकल्पात दुरुस्ती: उत्तर आठवड्याच्या आत.

ता. १४, उत्तरायण
रमणभाई वकिलांच्या गच्चीवर पतंग. ऊंधियूची भाजी फक्कड. सात-आठ वकील जमले होते. कोणीतरी म्हणालं, नव्या कायद्याखाली बडोद्यात कोण बाई जाणार? राहवलं नाही. पण नाव घेतलं नाही! शिलेदाराचं घराणं, मोडलेलं मनगट, पाद्रा, मावशी, रुईच्या जिन-गिरणीमागचं घर आणि दारातला बदाम, एवढंच सांगितलं. नाव विचारलं तेव्हा कानाला हात लावले. गोपनीयता म्हणजे गोपनीयता. रमणभाईंनी मला आग्रहानं आणखी वाढलं.

ता. १६
मानसिंगरावांतर्फे रमणभाईंनी वकीलपत्र दाखल केलं. बरंच झालं, घरचाच माणूस. आज दुसरं पाकीट आलं. दोन्ही एकदम उघडीन, म्हणजे एका उत्तरात काम.

ता. १८
कुसुमावती हळदीकुंकवाहून आली ती तोंड पाडूनच. म्हणे तिथं पाद्र्याच्या बदामाची चर्चा होती. बायकांना काही पोटात ठेवता येत नाही ते असं. तिनं मला विचारलं, त्या बाईंना सावध करणारं पत्र आज घालता का. आज शक्य नव्हतं, डोकं दुखत होतं.

ता. २२
उद्या तारीख. दाखला सापडत नाही. कुसुमावतीला बोललो, स्वयंपाकाच्या मथुराबाईंना बोललो. दोघी गप्प. अपराधी माणसं गप्पच बसतात. जाऊ दे. वक्तृत्वापुढे कागदाची मातब्बरी ती काय! आरशासमोर दोनदा भाषण केलं. दुसऱ्या खेपेला मलाच गहिवरून आलं.

ता. २३, दुपारी
भाषण झालंच नाही. अहल्याबाई नवऱ्याबरोबर टांग्यातून आल्या. खाली मान घालून म्हणाल्या, अर्ज मागे घेते. दोन मिनिटांत निकाल. तडजोड म्हणजे दोन्ही पक्षांचा विजय. हात फडक्यात बांधलेला होता, डावा. आधी डावा होता की उजवा? दाखला असता तर ताडून पाहता आलं असतं.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, माझी पत्रं पोचली होती का? म्हटलं, दोन्ही पोचली, पोस्ट चोख आहे. मग मानसिंगरावांनी हाक मारली.

रमणभाई हात हातात घेऊन म्हणाले, गच्चीवरची आपली गोष्ट फार कामी आली. कशी ते विचारायचं राहिलं.

ता. २४
कुसुमावतीनं दोन्ही पाकिटं फोडली आणि मोठ्यानं वाचली. मी नको म्हणत होतो.

पहिल्यात: जिन-गिरणीजवळ नवऱ्याकडचा माणूस दिसल्याचा भास झाला. मावशी म्हणते सुरतेला जाऊ. पण तारखेला अडचण नको, म्हणून आपण सांगाल तसं करीन.

दुसऱ्यात: आपलं उत्तर आलं नाही, तेव्हा आपला विचार इथंच थांबावं असा असेल. आपल्याला जास्त कळतं. उत्तर येईपर्यंत हलत नाही.

कायद्याचं पुस्तक उघडलं, तर चौथ्या पानात खुणेला दाखला. उजवंच मनगट होतं.

दोन-तीनदा कागद चुरगाळला. शेवटी उत्तर लिहिलं: पत्र पोचलं, जागा आजच बदलावी, सुरतेला जावं. वर तारीख घातली ९ जानेवारी.

कुसुमावती मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, हे पोस्टात टाकू नका, आता नवऱ्याच्या हाती पडेल, दुसरा हातही राहायचा नाही.

मी म्हटलं, टाकायचं कुठं आहे. खटल्याच्या दप्तराला लावायचं आहे.