पांढऱ्यात पांढरं

पेरुंबावूर
ता. ११ नोव्हेंबर

दिदीच्या चरणी धाकट्या भावाचा, तुझ्या खोकाचा प्रणाम.

तू बरी असशील, जामाईबाबूंचा गुडघा वळत असेल, टुकू शाळा बुडवत नसेल, अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. प्लायवूडच्या कारखान्यात आता मला लाकूड सोलायच्या मशीनवर घेतलंय. कागदासारखा लाकडाचा पापुद्रा सुटत येतो, तो फाटू न देता ओढायचा. मी चांगला ओढतो असं निबारणकाका म्हणतात, आणि ते कुणाला उगाच चांगलं म्हणत नाहीत हे तुला माहीत आहे. गावातून आम्हा सगळ्यांना इथे आणलं त्यांनी, तेव्हा त्यांचा शब्द म्हणजे इथला कायदा.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की तुझ्या सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि दर वाक्याला 'काय म्हणतोय?' विचारतात. शिवाय माझा आवाज ऐकला की तुला सगळं कळतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून हे बरं.

वर 'ठीक आहे' लिहिलं ते खोडत नाही, पण मी हे पत्र हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहितोय.

घाबरू नकोस. कालीपूजेच्या आधीपासून पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं. आधी वाटलं गॅस. मग ताप. मशीनवर उभं राहता येईना, तेव्हा काकांनी इथे आणून टाकलं. आधी पोटावर गार मलम लावून सोनोग्राफी केली. मग एक मोठं कडं असतं, त्यातून आडवं सरकवून फोटो काढतात. त्याआधी बाटलीभर औषधाचं पाणी पाजलं, घोट घोट. फोटोत ते पाणी पांढरं दिसतं, त्याने आतडी उजळतात म्हणे. माझी आतडी अशी उजळली की डॉक्टरांचे चेहरे काळवंडले. छोटं आतडं मोठ्याला मिळतं तिथे भिंत जाड झालीय, बाजूला पू साठलाय. कुणी म्हणतं आतड्याचा टीबी, कुणी म्हणतं सुजेचा एक जुनाट रोग, कुणी अजून तिसरं काही म्हणतं आणि ते म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

टीबीचं नाव निघालं आणि आम्ही सगळे राहतो त्या खोलीवर माझं ताट वेगळं झालं. खोलीतला बिस्तू भेटायला आला तो दारातूनच म्हणाला, "लवकर बरा हो रे, तुझी चादर मी धुवायला टाकलीय." चादर जाळली असणार, मला माहीत आहे.

काल फोटो वाचणारी डॉक्टरीण स्वतः खाटेपाशी आली. डॉक्टर सुमंगला नाव. ही बाई कधी वर येत नाही म्हणतात, खाली अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून लोकांची पोटं वाचते. हिंदीत म्हणाली, "भाई, मासे खातोस?" इथे आम्हा सगळ्यांना भाईच म्हणतात.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "डॉक्टर, बंगाल्याला हे विचारता? मग मला विचारा श्वास घेतोस का."

ती हसली नाही. "गेल्या दोन-तीन महिन्यांत काटा अडकला होता घशात? पोटात गेला?"

माझ्याआधी निबारणकाकाच बोलले. "हा हालदार आहे डॉक्टरबाई, कोळ्याचा पोर. जाळ्यावर जन्मलाय. याच्या घरची मांजरसुद्धा काटा गिळत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती खाली निघून गेली.

आज सकाळी मोठे सर्जन, कुरियन डॉक्टर, सांगून गेले. ताप उतरत नाहीये, पू वाढतोय, पोट उघडावं लागेल. तेवढा आतड्याचा तुकडा कापायचा, आणि जोड भरेपर्यंत पोटावर आतड्याचं तोंड काढून पिशवी लावायची. काही महिन्यांनी परत आत घेतील. घेतील म्हणाले, बहुतेक घेतील. दिदी, घाण कमरेला बांधून मी मशीनवर उभा राहणार? माझ्या जवळ कोण बसेल? घराकडची, हावड्याची गाडी जवळच्याच स्टेशनावरून सुटते. कालपासून माझ्या डोक्यात तीच गाडी चाललीय.

खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. ओळखीचं एक माणूस सकाळी पेज आणून देतं, मीठ बरोबर असतं.

माझ्यासाठी तू बघितलेल्या तेहट्टच्या मुलीकडच्यांना थोडं थांबायला सांग. कारण विचारू नकोस. आजार हे कारण पुरे आहे ना?

इति, तुझा सुबल


पेरुंबावूर
ता. १५ नोव्हेंबर

दिदी, प्रणाम. सगळ्यांची विचारपूस शेवटी करीन, राहिली तर आत्ताच केली असं समज.

त्या पत्रात मी 'ओळखीचं एक माणूस' लिहिलं. ते माणूस म्हणजे सिनी. कारखान्यात ओले पापुद्रे उन्हात वाळत घालते. चर्चला जाते. तुझ्यापेक्षा उंच आहे आणि तुझ्याइतकीच रागीट. आता पत्र खाली ठेवलं असशील तर परत उचल, कारण पोटाचं पुढे आहे.

पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पळालो. हाताची सलाइनची सुई काढून चादरीत लपेटून ठेवली, शर्ट चढवला, कपड्यांची पिशवी घेतली आणि भिंतीला धरून खाली आलो. फाटकाशी पोचलो तर समोरून ही पेजेचा डबा घेऊन.

"कुठे?"

"हवा खायला."

"पिशवी घेऊन हवा खातात?" तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "घरी चाललास ना? गाडीत मेलास तर मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरवतील, भाषा तरी येते का तिथली?"

मी फाटकाच्या कट्ट्यावर बसलो. मग तिला सांगितलं की पोट कापणार, पिशवी लावणार. आणि डॉक्टरीण काट्याचं विचारत होती तेही सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं."

"आमच्या घरी जेवलास त्या दिवशी तू मध्येच का रे लाल झाला होतास?"

दिदी, ऐक. ऑगस्टमध्ये तिच्या आईने मला जेवायला बोलावलं होतं. करिमीन नावाचा इथला मासा तळला होता. सिनी म्हणाली, काटे जाड असतात, काढून देते. मी म्हटलं, तू हालदाराला मासे खायला शिकवणार? आणि तिसऱ्या घासाला काटा घशात रुतला. दोघी समोर, आई बघतेय जावई कसा जेवतो. खोकलो असतो तर संपलं असतं सगळं. मग आपल्याकडे करतात तेच केलं, कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा. पण इथला भात जाडा, लाल, मोकळा, त्याचा गोळाच होत नाही. ताटात उकडलेला टॅपिओका होता, साबुदाणा करतात तो कंद, त्याचे लाडूएवढे गोळे एकामागून एक गिळले. डोळ्यांत पाणी. तिची आई खूश, "बघ गं, किती आवडलं याला," म्हणून अजून वाढतेय. काटा खाली गेला. मी जिंकलो असं वाटलं. पोट दुखायला लागलं तेव्हा मला तो काटा आठवलाच नाही. डॉक्टरणीने विचारल्यावर आठवला, आणि तेव्हा काका उशाशी उभे होते. कुठे जेवलास हा पुढचा प्रश्न असणार होता.

हे सगळं सिनीला सांगितलं. मला वाटलं हसेल. तिने डबा कट्ट्यावर आपटला.

"आतडं कापून घेशील, पण माझ्या आईच्या हातचं खाल्लं म्हणून सांगणार नाहीस?"

"काका गावभर करतील."

"करू देत! आमच्या घरी जेवलास, दरोडा घातलास का? ऊठ."

मला धरून ती थेट खालच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली. दारावर 'आत येऊ नये' असं तीन भाषांत लिहिलंय म्हणे, तिने एकही वाचली नाही. मी सगळं सांगितलं. डॉक्टर सुमंगला खुर्चीत मागे टेकली आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली, त्याचा अर्थ सिनीने मला अजून सांगितलेला नाही.

मग मला म्हणाली, "तुझा पहिला फोटो काढला तेव्हा आतड्यात ते पाणी होतं. ते पांढरं दिसतं. काटाही पांढराच दिसतो. तिथे मला काहीतरी टोचल्यासारखं वाटत होतं, पण पांढऱ्यात पांढरं कसं दाखवू? म्हणून विचारायला वर आले होते. आणि तू हसलास."

आपल्याकडे पांढऱ्या काशफुलांच्या बनात बगळा बसला तर दिसतो का, दिदी? तसं.

तिने मला तिथूनच परत कड्यात घातलं. या वेळी पाणी नाही, काही नाही, कोरडंच. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ काप काढले. आवाज यायचा 'श्वास घ्या, धरा', आणि मी असा धरला की तिला दोनदा 'सोड' म्हणावं लागलं. मग दोघांना पडद्यासमोर बोलावलं. करड्या चिखलासारखं माझं पोट, आणि त्यात एक बारीक पांढरी रेघ, कापलेल्या नखाएवढी, आतड्याच्या भिंतीतून अर्धी बाहेर आलेली. डॉक्टरणीने बोट ठेवलं. सिनीने कपाळावरून छातीवर क्रूसाची खूण केली. मला फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं, दोन्ही एकदम.

टीबी नाही. दुसरा रोगही दिसत नाही. कुरियन डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले. आता आधी औषधाने ताप उतरवायचा, पू आटवायचा, आणि मग येत्या बुधवारी पोटाला भोकं पाडून दुर्बिणीतून काटा काढायचा. पण ते साफ बोलतात. म्हणाले, "आत गेल्यावर आतडं चिरलेलं निघालं तर कापावंच लागेल. तुकडा, पिशवी, सगळं. काही वेळा पू रक्तात उतरतो. ते फोटोत आधी कळत नाही." काल ताप उतरला होता. आज परत थोडा आहे.

काकांना मीच सांगितलं, सिनी शेजारी उभी असताना. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "हालदार होऊन काटा गिळलास?" मुलीबद्दल एक शब्द नाही. म्हणजे ते शब्द गावासाठी राखून ठेवलेत. धानकापणीला ते घरी येतील. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हे स्पीड पोस्टाने टाकतोय.

तेहट्टच्यांना आता थांबवू नकोस. नाहीच म्हणून सांग. शिव्या मला दे, तिला देऊ नकोस. तिने मला फाटकावरून परत आणलं.

बुधवारी मला आत नेलं की बाहेर तीच बसेल. तुझा नंबर तिच्याकडे आहे. सांजवेळी अनोळखी नंबरावरून फोन येईल, उचल. तिला आपली भाषा येत नाही. मी बसवून 'बरा आहे' एवढं एकच वाक्य पाठ करून घेतलंय, ती ते वाकडंतिकडं म्हणेल, हसू नकोस: 'सुबल भालो आछे.'

दुसरं वाक्य मी तिला शिकवलेलं नाही.

इति, तुझा सुबल