तेराव्या महिन्यातला बँड

२० जुलै २०२३, गुरुवार

आलं ते: जुना स्पीकर, नांदेडहून एस.टी.च्या टपावर – चार हजार. हमाली साठ. वायरी दोन – साडेतीनशे. अंड्यांचे रिकामे ट्रे, पोतंभर – फुकट.

या घरात अंडं कधी आलं नाही. ट्रे आले! धम्मानंद म्हणतो, "काकू, भिंतींना लावले की आवाज बाहेर जात न्हाई." देवघराच्या भिंतीला एकही लागणार नाही, म्हटलं. बाकी तीन भिंतींना लावा. गोमूत्र शिंपडलं, मग पोरांना चहा दिला.

हे सगळं चिन्मयच्या खोलीत. बँड त्यानेच काढायचा ठरवला होता – गायला बायको रेवती, गिटारला धर्मसिंग, ड्रमला धम्मानंद. मग वाशीम रोडवर तो अपघात. लेक गेला, बँड राहिला. आता राहिलेल्या तिघांनी मनावर घेतलंय.

ह्यांनी विचारलं, "वर्षाच्या आत घरात वाजवणं बराबर आहे का?" देवीची पूजा ह्यांच्याकडे, लोक ह्यांनाच विचारणार. सराव म्हणजे कार्यक्रम नव्हे, असं मी सांगितलं. मला तरी कुठं खात्री आहे!

२३ जुलै

शेजारची पूजा – "काकू, बँड आणला म्हणे. वरात कुणाची?" वरातीचा नाही, म्हटलं. "मंग कशाचा?"

२९ जुलै

इकडच्याच गोरेगावहून विहीणबाईंचं कार्ड. त्यांना ऐकू कमी येतं, फोन उचलत नाहीत, म्हणून आम्हा दोघींचं कार्डावरच चालतं. "वर्ष झालं की रेवतीला घेऊन जाते. कनेरगाव नाक्याचं स्थळ पाहून ठेवलंय. बिजवर आहे, पण माणूस बरा. चोवीस वर्षांची पोर तुम्ही तरी कुठवर ठेवाल?"

खरं आहे. लेक त्यांची.

कार्ड रेवतीला दिलं. तिनं वाचलं, ओट्यावर ठेवलं आणि भाकरी थापत राहिली. एकच भाकरी फार वेळ थापली.

६ ऑगस्ट

आज सरावाच्या वेळी दाराशी वाती वळत बसले होते. इतके दिवस रेवती आरती म्हटल्यासारखं हळू गायची. आज ओरडली. त्याला गाणं म्हणायचं का, मला माहीत नाही. धम्मानंदचे हात थांबले, तिचं चालूच. गेल्या वर्षी मयत दारात असताना हिच्या तोंडातून आवाज निघाला नव्हता. बायका म्हणत होत्या, पोर रडत नाही, अंगावर काढतेय. तो आवाज आज निघाला.

देवी, हे पाप असेल तर माझ्या नावावर मांड.

११ ऑगस्ट

पोरांनी कार्यक्रम ठरवला. मंगल कार्यालय घेतलं, तारीख सत्तावीस. "पंचवीसला वर्ष होतं ना काकू, मोबाईलवर बघूनच घेतली."

वर्ष तिथीनं होतं रे! चिन्मय गेला श्रावण वद्य त्रयोदशीला. यंदा अधिक महिना, श्रावण दोन. श्राद्ध निज श्रावणात, म्हणजे बारा सप्टेंबरला. तोवर कार्यक्रम नाही. हे वर्ष तेरा महिन्यांचं.

धर्मसिंग – "एक महिना एक्स्ट्रा? हे कोन ठरवतं?" पंचांग, म्हटलं. "नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी."

धम्मानंदनं त्याच्या डोक्यात टपली मारली. "आमच्या घरी तिथ्या पाळत न्हाईत, काकू. पर चिन्मयचं हाय. थांबतो." कार्यालयाचा बयाणा बुडाला, कुणी चकार शब्द काढला नाही. उलट धम्मानंदच पुढं – "नाव भेटलं बे बँडला. तेरावा महिना!"

रेवती हसली. वर्षात पहिल्यांदा.

१२ ऑगस्ट

पूजेला बसले, मन जागेवर नाही. तिथी खरी, पंचांगात छापलेली. पण काल ती सांगताना मला आनंद झाला. रेवती एक महिना जास्त माझ्याकडे! मी शास्त्र सांगत होते की स्वार्थ?

२५ ऑगस्ट

इंग्रजी तारीख. पोरं आली, पण वाजवलं नाही. ट्रे लावलेल्या खोलीत सगळे नुसते बसलो. आवाज बाहेर जात नाही तसा आतही येत नाही. पिठलं-भाकरी केली, सगळ्यांना पुरली.

१२ सप्टेंबर

वर्षश्राद्ध झालं. बापानं लेकाचं करायचं! इतरांच्या घरी मंत्र सांगताना ह्यांचा आवाज कधी अडखळत नाही. आज तिळाचं पाणी सोडताना मला ह्यांचा हात खालून धरावा लागला.

दुपारी कार्ड आलं. विहीणबाई अठराला जीप पाठवतात.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडे, संध्याकाळी कार्यक्रम. कार्यालय अर्धं भरलं. पहिल्या गाण्याला धर्मसिंगची तार तुटली, मागून शिट्ट्या. रेवती तशीच गात राहिली, नुसत्या ड्रमवर. शिट्ट्या थांबल्या. हे दाराशी उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. शेवटपर्यंत उभे!

परतताना रिक्षात ती म्हणाली, "आई, मी गोरेगावला न्हाई जाणार."

माझा जीव भांड्यात पडला. "कशाला जायचं? तुझी खोली आहेच की!"

"इथंबी न्हाई, आई."

नांदेडला धर्मसिंगच्या मावशीकडे माडीवर खोली आहे. तिथल्या एका शाळेत लहान लेकरांना गाणं शिकवायचं, सुटीच्या दिवशी बँड. दोघं पोरंही तिकडेच काम बघून राहिलीत. सगळं सांगून झाल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तुमी न्हाई म्हणलात तर न्हाई जाणार."

हे पुढं बसलेले, मान न वळवता म्हणाले, "अधिक महिना आता तीन वर्षांनी येतो."

माझ्या मनातलं ह्यांना केव्हापासून कळलं होतं!

१८ सप्टेंबर

पेटीत टाकलेल्या कार्डाची नक्कल –

विहीणबाईंना नमस्कार. तुमची जीप आली, ड्रायव्हरला चहा दिला, जीप रिकामी परत पाठवली. रेवती सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली. मीच बसवून दिली. उद्या गणपती, तरी थांबवलं नाही. कनेरगाव नाक्याला नाही म्हणून कळवा. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पोरीवर नको. ती तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. पत्ता खाली लिहिला आहे. रविवारी तिला भेटायला जाते, एकटीनं जायला धीर होत नाही. तुम्ही सोबत येता का, उलट टपाली कळवा.